आराखड्यावर ठेवलेले बोट

आमच्या घराच्या नव्या आराखड्याचा कागद मी आईसमोर ठेवला, तेव्हा त्यावर मी तीन आठवडे रोज रात्री बसून काम केलेले होते. १:५० हे प्रमाण धरून प्रत्येक भिंतीची जाडी दाखवली होती, प्रत्येक दार कुठल्या बाजूला उघडते त्याची कमान काढली होती, आणि स्वयंपाकघराच्या जागी ओटा, शेगडी, सिंक, फ्रिज आणि कपाटे वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिलींनी भरली होती. आईने चष्मा लावला, कागद जरा दूर धरला, मग जवळ आणला आणि म्हणाली, "छान आहे." दादाने "मस्त झालंय" असे सांगितले. शेजारच्या काकूंनी कपाटांना रंग कुठला देणार ते विचारले. माझ्या मुलाने कागदाचा फोटो काढून मित्रांना दाखवला आणि सगळ्यांना आवडल्याची बातमी आणली. आठवडाभर मी समाधानात होते, कारण मी अभिप्राय मागितला होता आणि तो अनुकूल आला होता.

त्यानंतर एका संध्याकाळी, खरे तर वेगळ्याच कारणाने, मी आईला पुन्हा त्या कागदाजवळ बसवले. फ्रिज कुठल्या कंपनीचा घ्यायचा याचा विचार चालू होता आणि ती त्याचे दार दिवसातून किती वेळा उघडते हे मला मोजायचे होते. म्हणून मी म्हटले, "आई, सकाळी स्वयंपाकघरात गेल्यावर तू पहिल्यांदा काय करतेस, मग काय करतेस, ते या कागदावर बोटानं दाखव." आईने उजव्या हाताची तर्जनी दारावर ठेवली. दारातून ती फ्रिजपाशी गेली, फ्रिजपासून सिंकपाशी, सिंकपासून शेगडीपाशी. बोट हळूहळू सरकत होते आणि ओठ हलत होते, जणू ती मनातल्या मनात ते काम करतच होती. शेगडीवर पातेल्यातले पाणी उकळले. ते निथळायला सिंककडे न्यायचे होते. बोट उचलले गेले आणि मध्येच अधांतरी थांबले.

"हे गरम पातेलं मी उचललं," ती म्हणाली, "आता टेकवू कुठे?"

मी कागदाकडे पाहिले. शेगडीच्या एका बाजूला फ्रिज होता आणि दुसऱ्या बाजूला छतापर्यंत जाणारे कपाट. सिंक समोरच्या भिंतीला, खिडकीखाली. मध्ये दीड मीटरची मोकळी वाट, आणि ती वाट म्हणजे पुढच्या दारातून मागच्या दाराकडे जाणाऱ्या प्रत्येकाचा रस्ता. उकळते पाणी हातात घेतलेल्या माणसाने तो रस्ता रोज ओलांडावा, आणि त्याच वेळी कुणी धावत मागच्या दाराकडे जात नसेल अशी आशा धरावी, अशी व्यवस्था मी रंगीत पेन्सिलींनी फार सुबकपणे काढून ठेवली होती. हा दोष इतक्या माणसांनी पाहिलेल्या कागदावर आठवडाभर उघडा पडलेला होता. तो कुणाला दिसला नाही, कारण मी प्रत्येकाला "कसा वाटतो?" एवढेच विचारले होते. त्या प्रश्नाला माणसे आवडीनिवडीचे उत्तर देतात किंवा मायेचे उत्तर देतात. दोन्ही उत्तरे खरी असतात, पण त्यांच्यावरून भिंत कुठे हवी ते ठरवता येत नाही.

आराखडा दाखवणे आणि आराखड्याबद्दल विचारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या बोटामुळे कळले. पुढचे दोन महिने मी जे काही केले ते त्या एका गोष्टीचा पाठपुरावा होता.

स्वयंपाकघरातली ये-जा रेघांनी मोजण्याची कल्पना शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे, हे मला नंतर वाचताना समजले. अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१२ साली कारखान्यांतल्या श्रममापनाच्या पद्धती घरकामाला लावून पाहणारी लेखमाला लिहिली. स्वयंपाकघराचे दोन नकाशे शेजारी शेजारी काढून, स्वयंपाकाच्या आणि आवराआवरीच्या वेळी बाईची पावले कुठून कुठे पडतात ते त्यांनी रेघांनी दाखवले. एका नकाशात रेघांचा गुंता झालेला होता, दुसऱ्यात त्या सरळ आणि आखूड होत्या. वस्तू साधारण त्याच होत्या, फक्त त्यांच्या जागा बदललेल्या होत्या. पुढे लिलियन गिलब्रेथ या अभियंता आणि मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२९च्या सुमारास हेच काम आणखी काटेकोरपणे केले. एकच पदार्थ जुन्या आणि नव्या मांडणीत करून पाहिला, तेव्हा २८१ पावलांच्या जागी ४५ पावले पुरली, अशी त्या वेळची नोंद आहे. ओट्याची उंची कारखान्याच्या सोयीने न ठरवता त्या घरातल्या बाईच्या उंचीने ठरवावी, हा आग्रहही त्यांचाच.

मला सर्वांत जवळची वाटली ती मात्र मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांची गोष्ट. १८९७ साली व्हिएन्नात जन्मलेल्या या वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफर्ट शहराच्या नव्या गृहवसाहतींसाठी एक स्वयंपाकघर रचले. ते साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते, आणि तसली सुमारे १०,००० स्वयंपाकघरे त्या शहरात बांधली गेली. आगगाडीच्या भोजनडब्यात इतक्या लहान जागेत इतक्या माणसांचे जेवण कसे तयार होते याचा त्यांनी अभ्यास केला, आणि कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजले. खिडकीखाली कामाची फळी, खाली सरकवता येणारे गोल फिरते स्टूल, भिंतीतून खाली उघडणारी इस्त्रीची फळी, कोरडे जिन्नस ठेवायला मूठ असलेले छोटे खण. आज आपण ज्याला सलग ओटा आणि बसवलेली कपाटे म्हणतो, त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. आणि या बाईंनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितले होते की हे स्वयंपाकघर रचण्यापूर्वी त्यांनी कधी घर चालवलेले नव्हते आणि स्वयंपाकही केलेला नव्हता. हे वाचून मला धीर आला. आपल्याला जे माहीत नाही ते पाहून, मोजून आणि विचारून मिळवता येते, याचा इतका मोठा पुरावा दुसरा नाही.

त्याच स्वयंपाकघरावर नंतर जी टीका झाली तीही मी तितक्याच काळजीने वाचली. ते एका माणसासाठी मापून केलेले होते. दोघांना एकत्र काम करायला तिथे जागा नव्हती, आणि आत गेलेली बाई घरातल्या बाकीच्यांपासून तुटत होती. मोजमाप अचूक असूनही हे झाले, कारण मोजताना प्रश्न एकच होता: कमीत कमी पावलांत काम कसे होईल? सोबत कोण असेल, हा प्रश्न त्या मोजणीत मागे पडला. तेव्हापासून मी आईला, मुलाला आणि यजमानांना बोटाने रस्ता दाखवायला सांगताना एक गोष्ट वाढवली. दोघादोघांना एकाच कागदावर एकाच वेळी बोटे फिरवायला लावली. जिथे बोटे एकमेकांवर आपटली तिथे मी फुली मारली. आमच्या पहिल्या आराखड्यावर सात फुल्या आल्या, त्यांतल्या चार फ्रिजच्या पुढ्यात होत्या.

फ्रिजचा उल्लेख आला म्हणून मागच्या घराची एक गोष्ट सांगायला हवी. तिथले स्वयंपाकघर आम्ही घाईत करून घेतले होते. नकाशा करणाऱ्याने आम्हाला संगणकावर रंगीत चित्र दाखवले, ते इतके देखणे होते की विचारायचे काही सुचलेच नाही. फ्रिज कोपऱ्यात, भिंतीला अगदी लागून बसवला गेला. त्याचे दार भिंतीला टेकेपर्यंत उघडायचे, म्हणजे जेमतेम काटकोनात, आणि आतला खालचा खण बाहेर ओढायला दार काटकोनापेक्षा जास्त उघडावे लागत होते. तो खण आम्ही ११ वर्षे तिरका करून, एका हाताने दार दाबून धरून बाहेर काढत होतो. भिंत आणि फ्रिज यांच्यामध्ये १० सेंटिमीटरची पट्टी सोडली असती तर हे झाले नसते. चित्रात दार बंद होते. तेव्हापासून मी कुणाचाही आराखडा पाहताना सगळी दारे आणि सगळे खण एकाच वेळी उघडे आहेत असे धरून पाहते: फ्रिजचे दार, कोपऱ्यातल्या दोन कपाटांची दारे, समोरासमोरचे खण, खोलीचे दार. जे एकमेकांवर आदळते ते रोज आदळणार आहे.

आता अभिप्राय देणाऱ्यांविषयी. आराखडा दहाजणांना दाखवला की दहा उपाय मिळतात. सिंक तिकडे घ्या, मध्ये एक वेगळा ओटा घाला, भिंत पाडा, भिंत घाला, एक उंच कपाट करा. सुरुवातीला मी हे उपाय जसेच्या तसे वहीत उतरवत गेले आणि पंधरा दिवसांत ती वही एकमेकींना खोडून काढणाऱ्या सूचनांनी भरली. मग मी एक सवय लावून घेतली. कुणी उपाय सांगितला की तो लिहायचा नाही, त्याच्यामागची अडचण विचारायची आणि ती लिहायची. काकू म्हणाल्या, "एक मोठं कपाट कराच." मी विचारले, "तुमच्याकडे ते नसल्यानं काय होतं?" तेव्हा कळले की त्यांची मोठी भांडी ओट्याखाली मागच्या बाजूला जातात आणि ती काढायला त्यांना गुडघ्यांवर बसावे लागते. म्हणजे त्यांची अडचण कपाटाची नव्हती, वाकण्याची होती. त्या अडचणीवर मोठ्या कपाटापेक्षा पूर्ण बाहेर येणाऱ्या खोल ट्रॉल्या अधिक चांगल्या, आणि त्या ओट्याखालच्या जागेतच बसतात. उपाय सुचवणारा माणूस त्याच्या घराचा उपाय सुचवत असतो. अडचण मात्र सांगितली की ती पारखून पाहता येते, आपल्या घरात ती आहे की नाही ते ठरवता येते.

म्हणून पुढे पुढे मी आराखडा दाखवण्याआधीच विचारू लागले, "तुमच्या स्वयंपाकघरात रोज काय खटकतं?" या एका प्रश्नाने मला जितके मिळाले तितके माझ्या रंगीत कागदाने कधी मिळाले नाही. एकीने सांगितले की तिच्याकडे दिवा छताच्या मधोमध आहे, त्यामुळे ओट्याकडे तोंड करून उभे राहिले की तिचीच सावली चिरायच्या फळीवर पडते, आणि संध्याकाळी सुरी चालवताना ती अंदाजानेच चालवते. आमच्या आराखड्यात दिवा नेमका तिथेच होता. आता तो आहेच, पण वरच्या कपाटांच्या खालच्या पुढच्या कडेला लपवलेली दिव्यांची पट्टी वाढवली आहे. दुसऱ्या एका गृहस्थांनी सांगितले की त्यांच्या ओट्यावर विजेचे पॉइंट दोनच आहेत आणि दोन्ही शेगडीच्या बाजूला, त्यामुळे प्रत्येक यंत्राची वायर शेगडीवरून नाहीतर सिंकवरून जाते. हे ऐकून मी घरातल्या विजेवर चालणाऱ्या सगळ्या वस्तू टेबलावर मांडून त्यांच्या वायरींची लांबी मोजली. बहुतेक वायरी मीटरभरापेक्षा फार मोठ्या नसतात. पॉइंट कुठे हवेत ते मग आपोआप ठरले.

काही अभिप्राय मात्र मागावे लागतात ते ज्याच्या हातात अवजार आहे त्याच्याकडून. दुसऱ्या आराखड्यात मी सिंक उजव्या भिंतीला नेले होते, म्हणजे शेगडीच्याच रांगेत. कागदावर ते फार सोयीचे दिसत होते. प्लंबरने कागद पाहिला नाही, तो सरळ जमिनीकडे पाहू लागला. सांडपाण्याच्या नळीला साधारण ४० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार लागतो, असे त्याने समजावले. नळी तीन मीटर लांब झाली तर दुसरे टोक साडेसात सेंटिमीटर खाली जाते, आणि आमच्या फरशीखाली तेवढी जागा नव्हती. एक तर फरशी उचलायची, नाहीतर तुंबणारे सिंक पत्करायचे. नकाशावर सिंक हलवायला रबर पुरतो, घरात मात्र उतार लागतो. त्याच दिवशी मी आराखड्याची नवी प्रत काढली आणि तिच्यात जे हलवता येत नाही ते सगळे काळ्या शाईने काढले: सांडपाण्याची जागा, भारवाही भिंत, तुळई, खिडकीच्या कठड्याची उंची, धूर बाहेर नेणाऱ्या नळीची वाट. उरलेले पेन्सिलीने. त्या प्रतीनंतर लोकांच्या सूचना निम्म्याने कमी झाल्या आणि जवळजवळ सगळ्या उपयोगी पडल्या, कारण कुठे बोलून उपयोग आहे ते त्यांना दिसत होते. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. सगळाच कागद शाईने काढलेला असला की समोरचा माणूस संकोचतो, आणि सगळाच पेन्सिलीने काढलेला असला की तो भिंतीही हलवू लागतो.

शेवटी सिंक आणि शेगडी दोन्ही खिडकीच्या भिंतीला, एकाच ओट्यावर आली. आत शिरल्यावर आधी ४० सेंटिमीटर रिकामा ओटा, मग शेगडी, मग ९० सेंटिमीटर सलग मोकळा ओटा, मग सिंक, आणि भांडी निथळायला ३५ सेंटिमीटर. फ्रिज आणि उंच कपाट समोरच्या भिंतीला गेले. सिंक, शेगडी आणि फ्रिज यांच्यातल्या तीन अंतरांची बेरीज ४ ते ८ मीटरच्या आत असावी, हा अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९४० च्या दशकात झालेल्या अभ्यासातून रूढ झालेला हिशोब आमच्याकडे सहज बसला. पण मी खरे लक्ष दिले ते त्या ९० सेंटिमीटरकडे. धुणे आणि शिजवणे यांच्यामधल्या त्या पट्ट्यावरच धुतलेले चिरले जाते, मळले जाते, मांडले जाते. स्वयंपाकघरातला सर्वांत जास्त वेळ उभे राहण्याचा तुकडा तोच असतो, आणि पुष्कळ आराखड्यांत तोच सर्वांत आखूड असतो. आईचे गरम पातेले आता उचलल्याबरोबर टेकते. ओट्यावरून सिंकपर्यंत सरकवत नेता येते, रस्ता ओलांडावा लागत नाही.

ओट्याच्या उंचीसाठी आम्ही सगळेजण एका रात्री दाराच्या चौकटीपाशी उभे राहिलो. लहानपणी जशी मुलांच्या उंचीची खूण करतात तशी, पण या वेळी कोपराची. हात काटकोनात वाकवायचा आणि कोपराच्या खालच्या टोकाशी पेन्सिलीची रेघ मारायची. आईची रेघ ९२ सेंटिमीटरवर आली, माझी १०४ वर, आणि मुलाची ११५ वर. काम करायचा ओटा कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली असला की खांदे उचलावे लागत नाहीत आणि कंबरही वाकवावी लागत नाही. म्हणजे आईला सुमारे ८०, मला ९०, मुलाला १०० च्या पुढे. तयार कपाटांच्या ओट्याची उंची सहसा ८५ ते ९० च्या आसपास असते आणि ती या तिघांपैकी फार तर मलाच जमते. आई इतकी वर्षे स्वयंपाक करताना टाचा किंचित उचलून उभी राहते हे मी पाहिलेले होते. ती तिची ढब आहे असे मी समजत आले होते. चौकटीवरच्या त्या तीन रेघांकडे पाहताना मला फार वाईट वाटले.

घराच्या बाकीच्या मांडणीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे माझी एकच मोठी चूक होती आणि ती माझ्या वास्तुविशारद मैत्रिणीने पाच मिनिटांत दाखवली. तिने स्वयंपाकघराकडे आधी पाहिलेच नाही. बाहेरच्या दारावर बोट ठेवून विचारले, "पावसात भिजून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तू आत आलीस. आता?" पिशव्या घेऊन मी बैठकीच्या खोलीतून तिरकी चालत, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून स्वयंपाकघरात पोचत होते. खोलीची दोन दारे समोरासमोरच्या कोपऱ्यांत असली की त्यांच्यामधली तिरकी वाट खोलीचे दोन तुकडे करते आणि त्या खोलीत बसायची जागा उरत नाही. टेबलामागच्या खुर्चीवर कुणी बसलेले असताना तिच्यामागून जायला निदान ७५ ते ९० सेंटिमीटर लागतात, माझ्या आराखड्यात ५० होते. आम्ही स्वयंपाकघराचे दार भिंतीच्या दुसऱ्या टोकाला सरकवले. मीटरभराचा फरक, पण बैठकीची खोली पुन्हा एकसंध झाली.

एका बाबतीत मात्र अभिप्रायांनी निर्णय दिला नाही. मुलाला स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधली भिंत नको होती, आईला ती हवी होती. मुलाचे म्हणणे असे की आत असलेला माणूस एकटा पडतो. आईचे म्हणणे असे की आवाज आणि वास घरभर फिरतात, आणि पसारा पडलेला असताना कुणी आले तर तिला अवघडायला होते. दोघांचेही मला पटत होते, आणि दोघांच्याही मागे खरी अडचण होती. अशा वेळी मध्यम मार्ग काढला की दोघेही अर्धे नाराज राहतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी आणखी दहाजणांना विचारत बसले नाही. स्वयंपाकघरात सर्वांत जास्त वेळ कोण असते हे पाहिले. भिंत राहिली. त्यात कामाच्या पट्ट्यासमोर येईल अशी एक सरकत्या काचेची खिडकी घेतली आहे, आणि ती उघडायची की मिटायची ते आतल्या माणसाने ठरवायचे आहे.

शेवटचा अभिप्राय आम्ही कागद बाजूला ठेवून घेतला. बैठकीतले सामान भिंतींना लावले आणि चिकटपट्टीने फरशीवर संपूर्ण स्वयंपाकघर खऱ्या मापात आखले. आराखडा वाचणे हे प्रत्येकाला जमत नाही, आणि जमले पाहिजे असेही नाही. चालणे मात्र प्रत्येकाला जमते. पुठ्ठ्याची खोकी एकावर एक ठेवून ओटा उभा केला. दादाने फ्रिज म्हणून उभे राहायचे कबूल केले आणि दार म्हणून हात लांबवला. तो हात मुलाच्या छातीला लागला, तेव्हा फ्रिज २० सेंटिमीटर मागच्या बाजूला सरकवायचे ठरले. आई रिकामे पातेले घेऊन दारातून आत आली, फ्रिजपाशी थांबली, सिंकपाशी वाकली, शेगडीवर पातेले ठेवले, उचलले, टेकवले, निथळले. मी वही घेऊन कोपऱ्यात उभी होते. तिने तीन फेऱ्या केल्या. "आता कसं?" असे विचारायचा मोह मी आवरला.

चौथ्या फेरीला ती सिंकच्या पलीकडे, खिडकीजवळच्या टोकाला गेली. तिथे ओट्याच्या शेवटच्या ७५ सेंटिमीटरमध्ये काय घालायचे ते माझ्या कुठल्याच आराखड्यात ठरलेले नव्हते, म्हणून खोके एकच होते, बुटके. आई त्यावर बसली. कुणाशी काही बोलली नाही. पातेले मांडीवर घेतले, डावा गुडघा हाताने जरासा चोळला आणि तशीच काही वेळ खिडकीकडे पाहत राहिली. मग तिचे हात पातेल्यात हलू लागले. रिकाम्या पातेल्यात ती काहीतरी निवडत होती, बसून, पाठ भिंतीला टेकवून, जसे तिने गेल्या कित्येक वर्षांत आमच्या कुठल्याही स्वयंपाकघरात केलेले नव्हते, कारण बसायला जागाच नव्हती.

"उभं राहून दुखतं का ग खूप?" मी विचारले.

"वीस मिनिटांनंतर दुखतं," ती म्हणाली. "तू विचारलं नव्हतंस."

तो ७५ सेंटिमीटरचा तुकडा आता उरलेल्या ओट्यापेक्षा खाली, टेबलाच्या उंचीला, ७४ सेंटिमीटरवर येणार आहे. बाकीचा ओटा ८८ वर. परवा सुतार मिस्त्री शेवटची मापे घ्यायला आले होते. त्यांनी टेप लावला, आराखडा पाहिला आणि त्या टोकाशी बोट ठेवले.

"ताई, इथं खाली काहीच दाखवलं नाही तुम्ही. दोन ट्रॉल्या सहज बसतील. एवढी जागा वाया जाईल."

मी म्हटले, "तिथं स्टूल येणार आहे. गुडघे आत जायला हवेत."

त्यांनी आईकडे पाहिले, मग टेप पुन्हा लावून जमिनीपासून वरच्या फळीच्या खालच्या कडेपर्यंतचे माप घेतले, फळी दोन सेंटिमीटर पातळ घ्यावी लागेल असे पुटपुटले, आणि कानावरची जाड पेन्सिल काढून माझ्या आराखड्यावर त्या चौकोनात मोठ्या अक्षरांत लिहिले: रिकामे.